आपल्या हाताखाली माणूस ठेवताना

(विहाराच्या वर्धापनदिनी जळकोट येथे केलेले भाषण)



समितीच्या लोकांनी मला सांगितलं की, "तुम्ही धंद्यावर बोला, पोरांच्या उपयोगाचं काहीतरी सांगा." मी काही वक्ता नाही. शिक्षण म्हणाल तर दहावी नापास. पंचवीस वर्षं झाली, जळकोटात माझं वेल्डिंगचं दुकान आहे. गेट, ग्रिल, शटर, पत्र्याचे शेड, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीची डागडुजी, हे आमचं काम. आज माझ्याकडे चार माणसं कामाला आहेत. तेव्हा मी जे बोलेन ते दुकानातलंच बोलेन. मधेच आवाज मोठा झाला तर सांभाळून घ्या, ग्राइंडरच्या आवाजावर बोलायची सवय लागलेली आहे.

हल्ली प्रत्येक कार्यक्रमात पोरांना एक सांगितलं जातं की नोकरी मागत बसू नका, नोकरी देणारे व्हा. चांगलंच आहे. आपल्याच लातूर जिल्ह्यातल्या चोबळी गावच्या मिलिंद कांबळे यांनी ते करून दाखवलं. वडील शाळामास्तर, मुलानं नांदेडच्या शासकीय तंत्रनिकेतनातून डिप्लोमा केला, पुण्यात बांधकामाचा व्यवसाय उभा केला, २००५ साली दलित उद्योजकांची 'डिक्की' ही संघटना काढली आणि २०१३ साली त्यांना पद्मश्री मिळाली. असा माणूस आपल्या मातीतला आहे, याचा अभिमान वाटायलाच पाहिजे. पण नोकरी दिल्यावर त्या माणसाशी वागायचं कसं, हे आपल्याला कोणी सांगत नाही. आपल्या बाप-आज्याला मालकी माहीतच नव्हती. आपण मालक पाहिला तो खालून. म्हणून आपण मालक झालो की नकळत त्याच मालकाची नक्कल करायला लागतो. मी केली. आज ते सांगायचं ठरवून आलोय.

आधी हत्याराचं बोलतो, म्हणजे मला जरा धीर येईल.

२००० साली मी दुकान टाकलं. तालुका झाला होता, कचेऱ्या आल्या होत्या, बांधकामं वाढली होती. एक जुनं वेल्डिंग मशिन, एक बाक, दोन हातोडे, एक गुण्या आणि हाताचं ड्रिल, एवढ्यावर सुरुवात. सहा महिने बरे गेले आणि माझ्या डोक्यात शिरलं की मोठं कटिंग मशिन पाहिजे, चौदा इंची चकतीचं. उदगीरला एकाच्या दुकानात पाहिलं होतं. नऊ हजारांना होतं. पैसे नव्हते, तर शेकडा पाचानं घेतले. शेकडा पाच म्हणजे महिन्याला साडेचारशे रुपये नुसतं व्याज. वर्षाचं साठ टक्के. पोरांनो, 'शेकडा पाच' ऐकायला लहान वाटतं, वर्षाचं गणित करून पाहत जा. ते मशिन महिन्यातून चार-पाच दिवस चालायचं, बाकी दिवस पोत्याखाली. दुसऱ्याकडून भाड्यानं आणलं असतं तर तेव्हा दिवसाला पन्नास रुपये पडले असते, म्हणजे महिन्याचे अडीचशे. मी अडीचशेच्या कामासाठी साडेचारशे व्याज भरत होतो, आणि मुद्दल डोक्यावर तसंच. गिऱ्हाईक येऊन मशिनीकडं बघायचं, तेवढंच समाधान.

तेव्हापासून नियम केला. नवं हत्यार आधी भाड्यानं आणायचं. वहीत एक पान त्याच्या नावाचं. भाडं किती वेळा दिलं ते लिहायचं. सहा महिन्यांत भाड्याचे पैसे मशिनीच्या निम्म्या किमतीला गेले तर विकत घ्यायचं, नाहीतर भाड्यानंच. शिलाईच्या धंद्यातल्या बायांनाही हेच सांगतो. पिको-फॉलची वेगळी मशिन घ्यायच्या आधी महिनाभर कापड दुसऱ्या बाईकडं देऊन पाहा. किती साड्या येतात ते कळेल, मग दुकानात जा.

आणि जुनं मशिन घेताना झाकण उघडून बघा. वेल्डिंग मशिनीत तांब्याची वाईंडिंग म्हणून सांगतात आणि आत ॲल्युमिनियम निघतं. वजनात फरक पडतो आणि गरमही लवकर होतं. मशिन दुकानात पाच मिनिटं चालवून दाखवतात, ते खरं नाही. अर्धा तास सतत रॉड जाळून बघायचा. दहा नंबरचा रॉड जळताना मशिन दम टाकतं की नाही ते तिथंच समजतं. आता इन्व्हर्टरची हलकी मशिनं आली आहेत, हातात धरून नेता येतात, सिंगल फेजवर चालतात, वीजही कमी खातात. चांगली आहेत. पण आत कार्ड असतं, धूळ आणि लोखंडाचा कीस आत गेला की बंद पडतात. आठवड्याला हवा मारून घ्या आणि ग्राइंडरच्या ठिणग्यांच्या तोंडाला ठेवू नका.

ग्राइंडरवरून आठवलं. हे दाखवायचं म्हणून आज मुद्दाम अर्ध्या बाहीचा शर्ट घातलाय. ही खूण बघा, मनगटापासून कोपरापर्यंत. २००२ सालची. चार इंची ग्राइंडर मिनिटाला साधारण अकरा हजार फेरे मारतो. त्यावर मी गार्ड काढून, वायसर लावून, मोठ्या मशिनीची सात इंची चकती चढवली होती. मोठ्या चकतीवर फेऱ्यांची हद्द छापलेली असते, साडेआठ हजारांच्या आसपास. ती वाचायला मला एक मिनिट लागलं असतं. चकती फुटली. अकरा टाके पडले आणि बावीस दिवस दुकान बंद राहिलं. गार्ड मशिनीबरोबर फुकट येतो. तो काढला त्याची किंमत बावीस दिवस. लाकूड कापायचं दातेरी पातं ग्राइंडरला लावणारे अजूनही आपल्या गल्लीत आहेत. नाव घेत नाही, त्यांना समजलं असेल.

वेल्डिंगचं थोडं. काळी काच दहा किंवा अकरा नंबरची पाहिजे, आणि ती जो रॉड मारतो त्याला एक, जो अँगल धरून उभा असतो त्याला दुसरी. आपल्याकडं मालकाच्या डोळ्याला काच असते आणि पोरगा तोंड फिरवून उभा असतो. मग रात्री त्या पोराच्या डोळ्यांत वाळू टाकल्यासारखं होतं, आई बटाट्याच्या चकत्या ठेवते. तो त्रास दोन दिवसांत जातो, पण रोज झाला तर नजरेचं नुकसान होतं. पांढऱ्या पत्र्यावर, जीआय पाइपावर जस्ताचा थर असतो. तो जाळला की संध्याकाळी थंडी वाजून ताप येतो. लोक म्हणतात गूळ खा, दूध प्या. काही उपयोग नाही. जोडाच्या जागेवरचा थर आधी घासून काढायचा आणि काम उघड्यावर, वाऱ्याला पाठ देऊन करायचं. आणि डिझेलची रिकामी टाकी, रिकामा ड्रम, कितीही धुतलाय म्हणून सांगितलं तरी त्यावर रॉड मारू नका. टाकी रिकामी दिसली तरी आतली वाफ पेट घेते. गिऱ्हाईक रागावलं तर रागावू द्या.

आता हत्यार कोणाच्या हातात, तिकडं येतो.

१९९१ साली मी सोळा वर्षांचा होतो. नांदेडला एका कारखान्यात हेल्पर म्हणून लागलो. दोन वर्षं तिथं काढली. या दोन वर्षांत मी पाणी भरलं, रॉडचे पुडे उचलले, झाडलं, मिस्त्रीचा डबा आणला. होल्डर एकदाही हातात आला नाही. मिस्त्री रॉड मारताना पाठ करून बसायचा, हात कसा फिरतो ते दिसू नये म्हणून. एकदा विचारलं तर म्हणाला, "पोटावर पाय द्यायलास का माझ्या?" त्याचंही खरं होतं म्हणा. त्याला तेच शिकवलं होतं.

मग १९९३ च्या ३० सप्टेंबरला पहाटे किल्लारीला भूकंप झाला. गणपती विसर्जनाची रात्र होती, हे इथल्या वडीलधाऱ्यांना सांगायला नको. हजारो माणसं दगड-मातीच्या भिंतींखाली गेली. पुढं बावन्न गावं नव्या जागी बसवली. त्या वेळी तात्पुरत्या पत्र्याच्या शेडचं काम निघालं आणि मी एका मामाबरोबर तिकडं गेलो. काम मोठं, माणसं कमी. तिसऱ्या दिवशी ठेकेदाराच्या माणसानं माझ्या हातात होल्डर दिला आणि म्हणाला, "मार." मी म्हणालो, येत नाही. तो म्हणाला, "येतंय. मार." पहिले पन्नास जोड गचाळ होते, छन्नीनं फोडून परत मारले. आठ दिवसांत सरळ रेघ यायला लागली. दोन वर्षांत मिळालं नाही ते आठ दिवसांत मिळालं. म्हणजे माझ्या हातात बुद्धी नव्हती असं नाही, हातात हत्यारच नव्हतं.

यात काही नवीन नाही. मुंबईच्या कापडगिरण्यांत विणाई खात्यात मजुरी जास्त होती. आपल्या माणसांना मात्र कताईकडच्या कमी मजुरीच्या खात्यांत ठेवत. कारण काय, तर धोट्यातून सूत ओढून घ्यायला त्याला तोंड लावावं लागे. महाराचं तोंड लागलेल्या धोट्याला आम्ही तोंड लावणार नाही, असं बाकीचे कामगार म्हणत. १९२८-२९ च्या संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढाऱ्यांसमोर उघड मांडला. एका लाकडी धोट्यावरून शेकडो घरांची मजुरी ठरत होती. कल्पना सरोज यांचं उदाहरण बायकांनी लक्षात ठेवावं. अकोला जिल्ह्यातल्या रोपरखेड्याची मुलगी, लहानपणी लग्न झालं, छळ सोसला, मुंबईत होजिअरीच्या कारखान्यात धागे कापायच्या कामाला लागली, दोन रुपये रोज. मशिनीवर बसायचं धाडस होईना. त्यांनीच मुलाखतींत सांगितलंय की दुपारी बाकीच्या जेवायला गेल्या की त्या मशिनीवर बसून हात बसवायच्या. २००६ साली त्यांनी कमानी ट्यूब्ज ही बुडालेली कंपनी हातात घेतली. पण सुरुवात त्या जेवणाच्या सुट्टीतल्या मशिनीपासून आहे.

म्हणून माझ्याकडं नवा पोरगा आला की पहिल्या आठवड्यात त्याला भंगारातले अँगलचे तुकडे देतो आणि रोज संध्याकाळी अर्धा तास होल्डर त्याच्या हातात. दोन-तीन रॉड वाया जातात. जाऊ द्या. माझा मोठा मिस्त्री सुरुवातीला कुरकुरला, की हा शिकून समोर दुकान टाकील. टाकलंच एकानं. आज मोठं शेड आलं की आम्ही दोघं मिळून घेतो, कारण एवढ्या उंचीवर काम करायला माझ्याकडं माणसं पुरत नाहीत.

हे सगळं मी चांगलं सांगतोय. आता वाईट सांगतो.

माझे वडील सालगडी होते. तरुण पोरांना हा शब्द नीट माहीत नसेल. गुढीपाडव्याला साल ठरायचं, थोडं धान्य, थोडे पैसे, कपड्याचा एक जोड. आणि त्याच दिवशी उचल घ्यायची, कारण घरात आधीची उधारी फेडायची असे. उचल घेतली की वर्षभर बांधलं. मधे आजारी पडला, खाडा झाला, की तो खाडा पुढच्या सालात. मी आठवीत असताना वडिलांना दुसरीकडं जास्त पैसे मिळत होते. मालकानं जाऊ दिलं नाही. वडिलांचं घोंगडं आणि विळा आमच्या दारातून उचलून नेला आणि वाड्यात टाकला. वडील दुसऱ्या दिवशी मुकाट कामावर गेले.

२००६ साली माझ्याकडं एक पोरगा होता. अठरा-एकोणीस वर्षांचा, जवळच्याच गावचा, हात चांगला. बहिणीच्या लग्नाला आठ हजार मागितले. मी दिले, आणि खरं सांगतो, देताना बरं वाटलं. आता हा कुठं जात नाही, असं मनात आलं. पगारातून कापून दोन हजार फिटले. मग त्याला पुण्याला काम मिळालं, माझ्यापेक्षा दीडपट पगार. संध्याकाळी येऊन म्हणाला, "अप्पा, मी जातो, तुमचे पैसे तिकडून पाठवतो." मी म्हणालो, आधी पैसे ठेव, मग जा. त्याच्याकडं सहा हजार कुठले असणार? मी त्याची सायकल दुकानात ओढली आणि शटर खाली घेतलं. तो चालत गेला, पाच किलोमीटर.

घरी जेवायला बसलो. आई भाकरी थापत होती. तिला कोणीतरी आधीच सांगितलं होतं. ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "सायकल ठिवून घेतलीस म्हणं. तुझ्या बापाचं घोंगडं ठिवलं व्हतं तसंच."

मी ताट सारलं असं सांगितलं तर खोटं होईल. मी जेवलो. पण रात्रभर झोप आली नाही. सकाळी सहा वाजता सायकल घेऊन त्याच्या गावी गेलो, त्याचा दहा दिवसांचा पगार होता तो दिला आणि परत चालत आलो. तो पुण्याला गेला. दोन वर्षांनी दोन हजार पाठवले. राहिलेले चार हजार आले नाहीत. ते माझ्या वहीत अजून आहेत. खोडलेले नाहीत आणि मागितलेलेही नाहीत.

नंतर एका वकिलांनी मला सांगितलं की उचल देऊन माणसाला कामाला बांधून ठेवणं हा १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्यानं गुन्हा आहे. मी गुन्हा केला होता, तोही आपल्याच पोरावर. ऊसतोडीला जाणारी आपली माणसं मुकादमाच्या उचलीवर किती रडतात, ते आपण दरवर्षी ऐकतो. मुकादमाला शिव्या द्यायच्या आणि आपल्या दुकानात तेच करायचं, हे जमत नाही.

म्हणजे उचल द्यायचीच नाही का? द्यायची. गरिबाला अडचण येणारच, आणि आपण दिली नाही तर तो शेकडा पाचवाल्याकडं जाणार. पण एक महिन्याच्या पगारापेक्षा जास्त द्यायची नाही. त्याच्या समोर वहीत लिहायची, त्याची सही घ्यायची, आणि तशीच एक चिठ्ठी त्याच्याजवळ द्यायची. दर हप्त्याला पगाराच्या चौथ्या हिश्श्यापेक्षा जास्त कापायचं नाही, कारण बाकीच्यात त्याला घर चालवायचं असतं. आणि तो निघाला तर केलेल्या दिवसांचा पगार आधी हातात, उचलीची गोष्ट नंतर. सायकल, मोबाईल, आधारकार्ड, काही ठेवून घ्यायचं नाही. यात कधीतरी पैसे बुडतात. माझे वीस वर्षांत चार हजार आणि आणखी एकाकडं दीड हजार बुडाले. गिऱ्हाइकांनी बुडवलेले यापेक्षा किती तरी जास्त आहेत, आणि त्या गिऱ्हाइकांची सायकल मी कधी ओढली नाही.

पगाराचा दिवस. माझ्याकडं आठवड्याला पगार असतो, बाजाराच्या दिवशी, आणि सकाळी दहाच्या आत. पूर्वी मी रात्री आठला द्यायचो, हिशोब करून. तोवर बाजार उठलेला, भाजी शिळी, आणि एक दुकान मात्र उघडं असायचं. ते कोणतं ते सांगत नाही. सकाळी पगार द्यायला लागल्यापासून माणसाची बायको बाजाराला येते, पिशवी भरते आणि जाताना दुकानापुढून हात करून जाते. माझं त्यात काहीच खर्च झालं नाही, फक्त हिशोब आदल्या रात्री करावा लागला.

गिऱ्हाइकानं पैसे दिले नाहीत म्हणून माणसाचा पगार थांबवायचा, हे आपल्या धंद्यात सर्रास चालतं. "बिल आलं की देतो." अरे, बिल तुझं आहे, त्याचं नाही. माणसानं लोखंड वाकवलं तेव्हा त्याचं काम झालं. त्यासाठी दोन हप्त्यांचा पगार वेगळा काढून ठेवावा लागतो. मला तो जमवायला तीन वर्षं लागली.

भन्तेजी समोर आहेत, चुकलं तर सुधारतील. दीघनिकायात सिगालोवाद सुत्त आहे, त्यात गृहस्थानं हाताखालच्या माणसाशी कसं वागावं तेही आलंय. ताकद बघून काम द्यावं, जेवण आणि मजुरी द्यावी, आजारपणात बघावं, आपल्याकडं गोडधोड झालं तर त्यातलं द्यावं, वेळेवर सोडावं. अडीच हजार वर्षांपूर्वीची गोष्ट. त्याच सुत्तात मिळकतीचे चार भाग सांगितलेत. एक भाग खर्चायला, दोन भाग धंद्यात, एक भाग अडीअडचणीला ठेवायचा. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं, हे तर कोणा दुकानदारानं लिहिलंय. आणि बाबासाहेब १९४२ ते १९४६ मजूरमंत्री असताना कारखान्यातल्या कामाचा आठवडा ४८ तासांवर आला, किमान वेतनाचं विधेयकही त्यांनीच मांडलं. आपण त्यांच्या फोटोला हार घालायचा आणि दुकानात पोराला सकाळी आठ ते रात्री नऊ उभं करायचं, हे मला आता पटत नाही. माझ्याकडं आठ तास, वरचे तास वेगळे लिहून. चौदा वर्षांखालच्या लेकराला तर कोणत्याच कामाला ठेवता येत नाही, कायद्यानंच. "घरी बसून बिघडंल, तुमच्याकडं बसू द्या," म्हणून आयाच घेऊन येतात. मी परत पाठवतो. बाया रागावतात.

आता हिशोब, कारण पगार वेळेवर द्यायचा तर पैसे उरले पाहिजेत, आणि ते भाव सांगतानाच उरतात किंवा जातात. लोखंडाचं वजन डोळ्यानं सांगू नका. गोल सळईचं सूत्र साधं आहे. मिलिमीटरमधल्या जाडीचा वर्ग करा आणि १६२ नं भागा. एका मीटरचं किलोत वजन येतं. बारा एमएमची सळई मीटरला ०.८८९ किलो, बारा मीटरची पूर्ण सळई दहा किलो सातशेच्या आत-बाहेर. दुकानदाराकडून माल घेताना हे गणित करून काट्याशी ताडून बघा. वजन कमी भरलं तर सळई हलकी आहे. पण हे गोल सळईचं, चौकोनी बारचं नाही. मी २००४ साली एका घराच्या ग्रिलला साठ मीटर बारा एमएमचा चौकोनी बार लावला आणि भाव गोलच्या हिशोबानं सांगितला. चौकोनी बार मीटरला १.१३ किलो भरतो. साडेचौदा किलो लोखंड माझ्या खिशातून गेलं. गिऱ्हाइकानं ग्रिल छान झाली म्हणून चहा पाजला.

आणि हत्याराची झीज भावात धरा. माझ्या वहीतलं सांगतो. मशिन बारा हजारांचं, तीन वर्षं धरली, वर्षाचे तीनशे दिवस, म्हणजे दिवसाला तेरा रुपये. ग्राइंडर तीन हजारांचा, वर्षभर टिकतो, दिवसाला दहा. केबल, होल्डर, काच, हातमोजे मिळून सात. असे दिवसाला तीस रुपये मी एका डब्यात टाकतो. वर्षाचे नऊ हजार होतात. ग्राइंडर जळाला की डबा उघडायचा. सावकाराकडं जायचं काम नाही. घरातल्यांना सांगून ठेवलंय की लग्नाचा आहेरसुद्धा या डब्यातून नाही.

एक गोष्ट घरातली, आणि ती बायांच्या समोरच बोलतो. माझी बायको दहा वर्षं दुकानाच्या ग्रिलना लाल ऑक्साइड मारत होती. पैसे किती? शून्य. बाहेरचा पोरगा ठेवला तेव्हा त्याला रोज द्यावा लागला, तेव्हा कळलं की दहा वर्षं भाव स्वस्त कसा पडत होता. आता तिच्या कामाचे पैसे वहीत तिच्या नावानं पडतात आणि तिच्या खात्यावर जातात. भाऊ, मेहुणा, पुतण्या कामाला असेल तर त्यालाही हेच. नात्यातल्या माणसाला पगार ठरवून दिला नाही की तो धंद्यातला हिस्सेदार समजतो आणि तुम्ही त्याला फुकट्या समजता. पुढं भांडण ठरलेलं.

सरकारी योजनांवर जास्त बोलत नाही, त्यावर बोलणारे खूप आहेत. महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ १९७८ पासून आहे. मुद्रा कर्ज २०१५ पासून. सप्टेंबर २०२३ मध्ये विश्वकर्मा योजना सुरू झाली. लोहार, सुतार, गवंडी, शिंपी, चांभार अशा अठरा धंद्यांना पाच-सात दिवसांचं प्रशिक्षण, हत्यारासाठी पंधरा हजार आणि पुढं पाच टक्क्यांनी कर्ज. त्याची नोंदणी फुकट आहे, उद्यम नोंदणीही फुकट आहे. मधला माणूस पैसे मागत असेल तर देऊ नका. बँकेत हेलपाटे पडतात, मलाही पडले. पण जाताना सहा महिन्यांची लिहिलेली वही बरोबर नेली तर समोरचा माणूस खुर्ची देतो, हा माझा अनुभव. आणि कर्ज मिळालं म्हणून हत्यार घेऊ नका. मघाच्या चौदा इंची मशिनीची गोष्ट आठवा. बांधकामावर जाणाऱ्या आपल्या माणसांनी, वर्षात नव्वद दिवस काम भरलं असेल तर, बांधकाम कामगार मंडळाची नोंदणी करून घ्यावी. तुमच्या हाताखाली गवंडी-मजूर असतील तर त्यांना नव्वद दिवसांचा दाखला लिहून देणं तुमचं काम आहे. काहीजण तो दाखला द्यायला सुद्धा पैसे घेतात. आपल्यातलेच.

समितीनं मला दर महिन्याच्या पहिल्या रविवारी वंदनेनंतर विहाराच्या मागच्या खोलीत बसायची परवानगी दिली आहे. ज्यांचं दुकान आहे, शिलाई आहे, गिरणी आहे, मंडप आहे, त्यांनी आपली वही घेऊन यावं. वही नसेल तर कोरी घेऊन यावं, आपण पहिलं पान मिळून लिहू. ज्यांना ग्राइंडरचा गार्ड बसवून पाहिजे त्यांनी मशिनही आणावं, पाना-स्क्रू मी आणतो. आणि कामाला असलेल्या पोरांनीही यावं, मालकाला न सांगता आलात तरी चालेल.

जय भीम.